कारखान्यातून आलेली घरे

घर बांधावयाचे म्हणजे पायापासून आढ्यापर्यंतचे सारे काम जागेवरच करावयाचे, अशी आपली समजूत असते. परंतु घराचे भाग कारखान्यात तयार करून जागेवर केवळ जोडता येतील काय? अशा घरास ‘पूर्वरचित घर’ म्हणतात. त्याचा एक मोठा प्रयोग दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये झाला.

बाँबहल्ल्यांनी तेथील असंख्य कुटुंबे बेघर झाली होती. बांधकामाचे सामान दुर्मिळ होते, कुशल कारागीरही अपुरे होते. उलट, युद्ध संपताच विमानांचे कारखाने रिकामे पडणार होते. तेव्हा १९४४ साली तात्पुरत्या घरांचा कायदा झाला आणि पुढील काही वर्षांत सुमारे १ लाख ५६ हजार पूर्वरचित घरे उभी राहिली.

त्यांपैकी ५४ हजारांहून अधिक घरे अ‍ॅल्युमिनियमची होती. असे घर चार तुकड्यांत, चार लॉऱ्यांवरून येई. तुकड्याची रुंदी रस्त्याच्या सोयीने ठरलेली असे. नळ, कपाटे व रंग ही कामे आधीच उरकलेली असत. तयार पायावर तुकडे जोडले की घर उभे!

या घरांसाठी किमान ६३५ चौरस फूट क्षेत्रफळ ठरविले होते. तेवढ्यात बैठकीची खोली, दोन शयनगृहे, स्वयंपाकघर आणि स्नानगृह बसविण्याची युक्ती मोठी मार्मिक होती. स्वयंपाकघर व स्नानगृह एकाच भिंतीच्या दोन बाजूंस ठेवून सर्व नळ त्या भिंतीत एकत्र आणले. नळ आखूड झाल्याने धातू वाचला व गरम पाणी वाटेत निवण्याचे प्रमाण घटले. बैठकीतील शेगडीमागच्या टाकीत पाणी तापे. म्हणजे एकाच इंधनाने दोन कामे होत. भिंतीत बसविलेल्या कपाटांमुळे फर्निचरची अडचण कमी झाली. अनेक कुटुंबांस घरातले स्नानगृह व शीतकपाट येथेच प्रथम लाभले.

तथापि या प्रयोगाचे दोषही ध्यानात घेतले पाहिजेत. खर्च अपेक्षेहून बराच वाढला. काही प्रकारांत अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे होते. त्यांचे तंतू श्वासावाटे शरीरात गेल्यास घातक ठरतात, हे आता सर्वमान्य आहे. आपल्या देशातही स्वातंत्र्यानंतर वास्तुशिल्पी ओटो क्योनिग्जबर्गर यांच्या पुढाकाराने दिल्लीत घरांचा सरकारी कारखाना निघाला. परंतु तयार भाग सदोष निघाल्याने मूळ योजना फसली. कारखान्यातील चूक एका घरापुरती राहत नाही. साचा चुकला की प्रत्येक घर चुकते.

ब्रिटनमधील ही घरे जेमतेम दहा-पंधरा वर्षे टिकावीत, अशी कल्पना होती. पण कित्येकांत लोक अर्धशतकाहून अधिक काळ आनंदाने राहिले. बर्मिंगहॅममधील अशी १६ घरे १९९८ साली, तर लंडनच्या कॅटफर्ड भागातील १८७ पैकी ६ घरे २००९ साली संरक्षित वास्तू ठरली. कॅटफर्डच्या उरलेल्या घरांच्या जागी नवी वस्ती करण्याचे ठरले, तेव्हा रहिवाशांपैकी अनेकांनी विरोध केला. निवारा तात्पुरता असला, तरी त्यात रुजलेला संसार तात्पुरता नसतो.

विद्यार्थ्यांनी आपल्या घराचा आराखडा काढून त्यात नळांचे मार्ग रेखावेत. कोणती खोली कोठे हलविली असता नळ आखूड होतील, याचा विचार करावा. थोड्या जागेत सोयीने राहण्याचे शास्त्र तेथूनच सुरू होते.