फोटो उजळा, माणूस नव्हे!

मध्यमवर्गीय मराठी घराची भिंत म्हणजे त्या घराण्याचा संक्षिप्त इतिहासच असतो. एका अंगाला दत्तगुरू किंवा विठोबा, त्याच्या शेजारी कॅलेंडर, आणि दाराच्या चौकटीवर किंचित पुढे झुकलेल्या फ्रेममध्ये आजोबा. या आजोबांकडे आपण कधी निरखून पाहिले आहे काय? कपाळावर आठी नाही, गालावर डाग नाही, आणि वर्ण तर असा की, या गृहस्थाने जन्मभर उन्हातान्हात टपाल वाटले, हे शपथेवर सांगूनही कुणाला पटू नये!

ही किमया आजोबांची नव्हे, ती रिटचिंग करणाऱ्या कारागिराची. फोटो सुधारण्याचा हव्यास फोटोइतकाच जुना आहे. दागेरचा शोध १८३९ साली जगजाहीर झाला, आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघालीसुद्धा. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. पुढे राजा दीनदयाळांनी १८९६ साली मुंबईत स्टुडिओ थाटला. स्टुडिओ आला की त्याच्यामागून रिटचिंगवाला यायचाच. काचेच्या निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिलीने बारीक बारीक ठिपके देत तो सुरकुत्या बुजवी, आणि छापलेल्या फोटोवर कुंचल्याने गालांना गुलाबी व पागोट्याला लाल रंग चढवी. आज हे सगळे काम संगणकावर बसल्या बसल्या होते. थॉमस आणि जॉन नोल या दोन भावांचा ‘फोटोशॉप’ १९९० साली बाजारात आला. त्याला पैसे मोजावे लागतात. पण बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेला ‘गिंप’ १९९६ पासून सगळ्यांना फुकट मिळतो. मी गिंप वापरतो, आणि वाकोल्यातल्या आमच्या इमारतीत ही बातमी फुटल्यापासून माझ्याकडे येणाऱ्या फोटोंना तोटा नाही.

वाकोल्यात फोटोंचा हा प्रश्न जरा जास्तच आहे. त्याला कारण २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. मिठी नदी फुगली, वाकोल्याच्या नाल्याला उतार मिळेना, आणि तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांत पाणी शिरले. भांडी धुऊन निघाली, कपडे वाळले, पण कपाटातल्या खालच्या खणात ठेवलेले अल्बम गेले ते गेलेच. फोटोचा कागद भिजला की त्याच्यावरचा जिलेटिनचा थर मऊ होतो, आणि वाळताना समोरच्या फोटोला किंवा प्लॅस्टिकला घट्ट चिकटून बसतो. ओढून काढावे तर चेहराच निघून येतो. लग्नाचे, मुंजीचे, बारशाचे अल्बम अशा तऱ्हेने विटेसारखे झालेले मी पाहिले आहेत.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचे असेच झाले. काका २००९ साली वारले. भिंतीवर फ्रेम लागली ती ओळखपत्रावरचा इवलासा फोटो मोठा करून. त्यात काका असे बसले आहेत की, समोर फोटोग्राफर नसून पोलीस इन्स्पेक्टर असावा! गेल्या वर्षी त्यांच्या मुलाला जुन्या मोबाइलचे मेमरी कार्ड सापडले. त्यात २००७ सालच्या गणपतीतला एक फोटो निघाला. काका मखराच्या बाजूला बसले आहेत आणि कशाला तरी मनापासून हसत आहेत. हसणाऱ्या काकांचा घरात तेवढा एकच फोटो. पण फोटो कसला! सगळा मळकट, राखेत लोळवल्यासारखा. तोंडावर लाल-हिरवी खसखस पेरलेली. आणि एका गालावर विजेच्या माळेचा गुलाबी डाग.

“हे एवढं स्वच्छ करून दे,” काकू म्हणाल्या, “पण त्यांचं हसू कुठं घालवू नकोस हं.”

आता ही खसखस येते कोठून? इंग्रजीत तिला ‘नॉइज’, म्हणजे गोंगाट म्हणतात. समजा, पाऊस भुरभुरत असताना आपण गच्चीवर एकसारख्या शंभर वाट्या मांडल्या आणि अर्ध्या मिनिटाने उचलल्या. प्रत्येक वाटीत थेंब सारखे असतील काय? मुळीच नाही. एकीत सात, दुसरीत बारा, तिसरीत चारच. पण तासभर ठेवल्या, तर सगळ्या वाट्या जवळजवळ सारख्या भरलेल्या दिसतील. प्रकाशही असाच कणाकणाने पडतो, आणि कॅमेऱ्यातला प्रत्येक ठिपका ही एक वाटीच असते. सरासरी शंभर कण पडत असतील तर दहाएक कणांचा फरक पडतो, म्हणजे शेकडा दहा; दहा हजार पडले तर शंभराचा, म्हणजे शेकडा एकच. गणपतीची संध्याकाळ, घरात एक ट्यूबलाइट, आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याची काच करंगळीच्या नखाहून लहान. वाट्या जवळजवळ कोरड्याच राहिल्या. मग फोटो निदान दिसावा म्हणून मोबाइलने जे काही मिळाले ते अनेक पटींनी फुगवले, आणि त्याबरोबर वाट्यावाट्यांमधला फरकही फुगला. तीच ती खसखस.

डिजिटल फोटोने पहिल्याच दिवशी माणसाचा चेहरा बिघडवला होता, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असेल. १९७५ सालच्या डिसेंबरात कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. आडवे शंभर आणि उभे शंभर, एवढेच ठिपके. आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद! प्रयोगशाळेतल्या एका तरुणीचा फोटो घेऊन तो टेलिव्हिजनच्या पडद्यावर पाहिला, तर केसांची आकृती ठीक, पण चेहऱ्याच्या जागी नुसता कालवा. ती बिचारी नाराज होऊन निघून गेली. मागाहून लक्षात आले की काही तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या. त्या सरळ केल्यावर तोच चेहरा स्वच्छ दिसू लागला.

काकांच्या बाबतीत मात्र उलटी तार नव्हती. येथे माहितीच कमी होती, आणि जी होती ती हलक्या हाताने निवडून घ्यायची होती.

या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. फोटो मळका दिसला की बहुतेकजण आधी ‘कॉन्ट्रास्ट’ वाढवतात आणि पस्तावतात. मळकेपणाचा अर्थ एवढाच की, काळ्याकुट्टापासून पांढऱ्याशुभ्रापर्यंत शून्य ते २५५ अशा ज्या पायऱ्या असतात, त्यांतल्या मधल्याच काही पायऱ्यांवर सगळा फोटो दाटीवाटीने उभा असतो. त्याला दोन्हीकडे ताणले की तो खुलतो. पण त्याच्याबरोबर खसखसही तितकीच ताणली जाते. म्हणून आधी निवडणे, मग ताणणे. गहू पाखडण्यापूर्वीच कुणी दळायला टाकत नाही.

प्रथम रंगाची खसखस काढली. माणसाच्या डोळ्याची एक गंमत आहे. उजेड-अंधाराचे बारकावे त्याला लगेच दिसतात, पण रंगाच्या बारकाव्यांत तो बराच आळशी आहे. रंगीत टेलिव्हिजनवाल्यांनी याच आळशीपणाचा फायदा घेतला. गिंपमध्ये फोटोची फोड करून उजेड एका थरात आणि रंग दुसऱ्या दोन थरांत वेगळे काढता येतात. या पद्धतीला ‘लॅब’ म्हणतात. रंगाचे दोन थर खुशाल पुसट करावेत, चेहऱ्याची एक रेघही हलत नाही. पुन्हा तिन्ही एकत्र केल्यावर लाल-हिरवे दाणे गेले. उरली ती करडी खसखस, आणि खरी परीक्षा तिचीच.

करडी खसखस काढायची म्हणजे प्रत्येक ठिपक्याला शेजाऱ्यांच्या सरासरीवर आणायचे. पण सरासरी ही मोठी आंधळी गोष्ट! भुवईचा केसही तिला दाण्यासारखाच दिसतो. म्हणून ‘सिलेक्टिव्ह गॉशियन ब्लर’ नावाची जी सोय आहे, ती ज्यांचा उजेड आपल्याजवळपासचा आहे अशाच शेजाऱ्यांना हिशेबात घेते. फार वेगळ्यांना पंगतीतून उठवते. तरीही मी सगळ्या चेहऱ्यावर एकच माप लावले नाही. मागची भिंत आणि सदरा यांना भरपूर, कपाळाला बेताचे, आणि डोळ्यांच्या कडा, मिशी, ओठांच्या दोन बाजूंच्या घड्या यांना जवळजवळ काहीच नाही. काकांचे हसू होते कोठे? त्या घड्यांतच. तेथे चार दाणे राहिले तर राहू द्यावेत. दाण्यांसकट हसणारा माणूस बरा, नितळ मेणाचा पुतळा नको.

पुढचे काम रंगाचा तोल सांभाळण्याचे. ट्यूबलाइटने सगळ्यावर हिरवट झाक आणली होती. पण काकांचा सदरा पांढरा होता हे काकूंना नक्की आठवत होते, तेव्हा सदऱ्याला साक्षीदार धरून बाकीचे रंग जागेवर आणले. गालावरचा गुलाबी डाग तेवढ्याच भागापुरता वेगळा काढून शेजारच्या कातडीच्या रंगाशी जुळवला. मग फोटो ताणला, आणि सगळ्यांत शेवटी डोळ्यांना थोडी धार दिली.

हे चालू असताना काकूंच्या नातवाने आपल्या मोबाइलवरचे एक ॲप काढले. “काका, तुम्ही दोन संध्याकाळी घालवल्यात. हे बघा, दहा सेकंद!” आणि खरेच, पडद्यावर एक अत्यंत देखणा गृहस्थ उगवला. दात सरळ, त्वचा तुकतुकीत, डोळ्यांत चमक. डाव्या भुवईवरची लहानपणची खोक मात्र नाहीशी झालेली. ही ॲपे खसखस काढत नाहीत. हजारो-लाखो चेहरे पाहून ‘चेहरा’ म्हणजे काय याची एक समजूत त्यांनी करून घेतलेली असते, आणि जेथे दिसत नाही तेथे ती आपल्या समजुतीतला चेहरा रंगवतात. २०२० साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांचा असा एक प्रोग्रॅम गाजला. त्याला बराक ओबामांचा अस्पष्ट केलेला फोटो दिला असता त्याने चक्क एक गोरा माणूस काढून दिला! यंत्राला द्वेष नसतो. त्याने जे चेहरे अधिक पाहिले, तेच तो भरतो. काकूंनी नातवाचा मोबाइल हातात घेतला, चष्मा वर-खाली केला आणि विचारले, “छान आहे रे. कुणाचा?”

पण गोऱ्या रंगाचे वेड यंत्रालाच आहे असे समजण्याचे कारण नाही. काकूंच्या जाऊबाई नेमक्या त्याच दिवशी आल्या होत्या. माझा फोटो पाहून म्हणाल्या, “बरा झालाय, पण भावजींना जरा उजळ कर की!” आपल्या भाषेत फोटो उजळणे आणि माणूस उजळ असणे यांना शब्द एकच, आणि सगळा घोटाळा तेथेच आहे. अंधारात बसलेल्या माणसावर उजेड आणणे हे फोटो सुधारणाऱ्याचे कामच आहे. पण उजेड वाढवूनही सावळा माणूस सावळाच दिसला पाहिजे. भिंतीवरचे ते गुळगुळीत, गोरे आजोबा याच घोटाळ्यातून जन्माला आले, आणि त्यांची नातवंडे आपला रंग कुणावर गेला याचा आजतागायत शोध घेत बसली! मी जाऊबाईंना एवढेच म्हटले की, सदरा पांढरा दिसायला हवा, आणि काका सदऱ्याहून वेगळे दिसायला हवेत. काकू काही बोलल्या नाहीत. पण चहाबरोबर मला एक चकली जास्त मिळाली.

शेवटचा वाद आकारावरून झाला. मुलाला बारा बाय पंधरा इंचांची फ्रेम हवी होती. आता हिशेब पाहा. छातीपर्यंतचा भाग कापून घेतल्यावर हाती उरले आडवे आठशे ठिपके. बारा इंचांत ते पसरले तर इंचाला सदुसष्टसुद्धा येत नाहीत. चांगल्या छपाईला तीनशे लागतात. पाच बाय सातच्या फोटोत मात्र इंचाला एकशे साठ येतात, आणि हातभर अंतरावरून तेवढे पुरतात. शिवाय चकचकीत कागदाऐवजी मॅट कागद घेतला की उरलेसुरले दाणे कागदाच्याच पोतात मुरून जातात. मुलाने कुरकुर करीत पाच बाय सात मान्य केले. मूळ फोटोला मी हात लावलेला नव्हता. सगळे काम त्याच्या प्रतीवर. मूळ आणि प्रत दोन्ही दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायला त्याला सांगितले. त्यांतले एक ठिकाण तळमजल्यावरचे नसावे, हेही सांगितले.

फोटो छापून आला त्या दिवशी काकूंनी तो खिडकीजवळ नेऊन बराच वेळ पाहिला.

“हे वरचं बटण उघडं राहिलंय बघ,” त्या म्हणाल्या. “ते लावता येतं का रे तुझ्या त्यात?”

“येतं की. लावू?”

त्यांनी पुन्हा एकदा फोटोकडे पाहिले.

“नको, राहू दे,” काकू म्हणाल्या. “सांगून सांगून मी थकले, कधी लावलं नाही त्यांनी!”