कॉफीचे भांडे निवडताना

रत्नागिरीकडे दिवस उजाडतो तो चहाने. कॉफीला काहीतरी निमित्त लागते: उपवास, रात्री रंगलेल्या गप्पा, एखादे जागरण. दुधात साखर घालून उकळायची आणि वर जायफळ किसायचे, ही आपली जुनी रीत. जायफळ तर घरचेच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याच्या ‘कोकण सुगंधा’ आणि ‘कोकण स्वाद’ अशा जातीही विकसित केल्या आहेत. मात्र ते चिमूटभरच असावे. चमचाभर जायफळ पोटात गेल्यास छातीत धडधड आणि भ्रम होऊ शकतो.

अलीकडे पुण्या-बंगळुरूहून येणारी मुले आईवडिलांसाठी कॉफीची निरनिराळी उपकरणे घेऊन येतात. हौस चांगली आहे. परंतु सत्तरीतल्या हातांना, झोपेला आणि हृदयाला कोणते उपकरण मानवेल, हा विचार किमतीच्या आधी व्हावा.

पहिला प्रश्न गाळण्याचा. कॉफीच्या बियांत कॅफेस्टॉल नावाचे तेलकट द्रव्य असते आणि ते रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवते. भुकटी पाण्यात उकळून केलेल्या किंवा दट्ट्याने दाबायच्या फ्रेंच प्रेसमधील कॉफीत ते पुष्कळ उतरते. कागदी गाळणी ते बरेचसे अडवते. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने १९०८ साली मुलाच्या वहीतला टीपकागद वापरून अशी गाळणी केली, ती केवळ कॉफीचा कडवट गाळ टाळावा म्हणून. हृदयविकार किंवा वाढलेले कोलेस्टेरॉल असलेल्यांनी रोजच्या कॉफीसाठी शंकूच्या आकाराचे साधे पात्र आणि कागदी गाळण्या घ्याव्यात. तयार कॉफीच्या भुकटीतही हे द्रव्य नगण्य असते. रसिकांनी तिला कितीही नाके मुरडली तरी!

ज्यांना असे पथ्य नाही, त्यांच्यासाठी माझी पसंती दाक्षिणात्य पद्धतीच्या स्टीलच्या फिल्टरला. वरच्या भांड्यात भुकटी घालावी, चकतीने हलकेच दाबावी, वर कढत पाणी ओतावे आणि पंधरा-वीस मिनिटे त्याकडे पाहूही नये. भांडे ज्योतीवर ठेवायचे नसते, काही फुटायचे नसते, घाई तर मुळीच नसते. एक उणीव मात्र आहे. काही फिल्टरांची दोन भांडी एकमेकांत इतकी घट्ट बसतात की संधिवाताच्या बोटांनी ती सुटत नाहीत. म्हणून दुकानात ज्येष्ठांनाच सोबत न्यावे आणि त्यांच्याच हातांनी ती उघडून पाहू द्यावीत. इटलीत १९३३ साली निघालेल्या मोका पॉटची कॉफी कडक आणि सुरेख होते. पण ते वाफेच्या दाबावर चालते आणि धातूचे अंग तापून लाल निखाऱ्यासारखे चटका देते. हात थरथरत असतील तर ते नकोच.

पाणी तापवण्यासाठी आपोआप बंद होणारी विजेची किटली उत्तम. लिटरभर पाण्याचेच वजन एक किलो भरते, तेव्हा अर्ध्या लिटरची पुरे. तिची वायर ओट्याच्या कडेवरून लोंबकळू देऊ नये.

पावसाळ्यात आपल्याकडची दमट हवा भुकटीचे गठ्ठे करते. घट्ट झाकणाच्या लहान बरण्या घ्याव्यात आणि पंधरवड्यापुरतीच कॉफी आणावी.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार दिवसभरातले कॅफीन ३०० मिलिग्रॅमच्या आत असावे. गाळून केलेल्या १५० मिलिलिटर कॉफीत ते ८० ते १२० मिलिग्रॅम असते, तयार भुकटीच्या कॉफीत ५० ते ६५. चहाही याच हिशेबात धरायचा, हे आपल्याकडे हमखास विसरले जाते. चिकोरीत कॅफीन नसते, त्यामुळे मिश्रणाची कॉफी थोडी सौम्य पडते. चार वाजता घेतलेल्या कॅफीनपैकी सुमारे निम्मे रात्री नऊलाही शरीरात असते. झोपेची तक्रार असणाऱ्यांनी दुपारनंतर कॉफी घेऊ नये. जेवणाआधी आणि नंतर तासभर ती टाळावी, कारण अन्नातील लोह कमी शोषले जाते. थायरॉइडची गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि कॉफीसाठी अर्धा ते एक तास थांबावे.

प्रवासाचे गणित निराळे. मुंबईला जाताना थर्मासमध्ये दूध घातलेली कॉफी नेण्याची सवय अनेकांना आहे. कोमट होत गेलेल्या दुधात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून थर्मासमध्ये केवळ उकळते पाणी न्यावे आणि कॉफी व दूधभुकटीच्या पुड्या वेगळ्या ठेवाव्यात. रेल्वेच्या डब्यात विजेची किटली लावण्यास मनाई आहे. थर्मास पेलता येईल इतकाच, अर्ध्या लिटरचा, आणि एका हाताने फिरकी उघडता येईल असा असावा. कपाला दांडा आणि झाकण हवे. तो निम्माच भरावा, तोही गाडी चिपळूणसारख्या स्थानकात उभी असताना. कोल्हापूरच्या एसटीत आंबा घाट उतरेपर्यंत किंवा चढेपर्यंत थर्मास पिशवीतच राहू द्यावा.