ऑस्ट्रॉमबाईंचा पाण्याचा हिशेब

नेपाळच्या डोंगराळ भागात नदीचं पाणी पाटात वळवायला दगड, ओंडके, झाडपाला आणि माती रचून कच्चा बांध घालतात. पावसाळा आला की तो वाहून जातो. मग घरटी माणूस काढून, कुदळ-फावडी घेऊन सगळे नदीवर जातात आणि बांध पुन्हा उभा करतात. वर्षानुवर्षं हेच. परदेशी मदतीचा पैसा घेऊन आलेल्या अभियंत्यांनी हे पाहिलं आणि त्यांना उपाय उघड दिसला: एकदाच काँक्रीटचा पक्का बांध घाला आणि शेतकऱ्यांचे हे कष्ट वाचवा.

सिंचनाच्या कामात असलेल्या आम्हा सगळ्यांनाच हा सल्ला पटला असता. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या प्राध्यापक एलिनॉर ऑस्ट्रॉम आणि त्यांचे सहकारी गणेश शिवाकोटी, वाइ फुंग लाम यांनी मात्र नेपाळमधल्या दोनशेहून जास्त सिंचन व्यवस्थांची माहिती जमवली. पाणी कुठवर पोचतं, पिकं किती येतात, पाळी कोण ठरवतं, दंड कोण करतं, सगळं टिपून घेतलं. आकडे जुळवल्यावर चित्र उलटं निघालं. शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेल्या व्यवस्थांमध्ये पाणी टेलपर्यंत, म्हणजे पाटाच्या शेवटच्या शेतापर्यंत, जास्त खात्रीनं जात होतं आणि उत्पन्नही बरं होतं. सरकारी खात्याच्या, पक्क्या बांधांच्या व्यवस्था अनेक ठिकाणी मागे पडलेल्या होत्या.

असं का व्हावं, या प्रश्नाच्या उत्तरासाठी मी या बाईंना मानते. हेडचा शेतकरी पाण्याच्या तोंडाशी बसलेला असतो. टेलच्या शेतकऱ्याची त्याला एरवी काही गरज नसते. गरज पडते ती बांध वाहून गेल्यावर, कारण एवढं काम एकट्यादुकट्याचं नाही, त्याला टेलवाल्यांचे हात लागतात. टेलवाला मग म्हणू शकतो, पाणी मिळणार असेल तर येतो. पक्का बांध झाला आणि ही गरजच संपली. टेलवाल्याच्या हातात बोलायला काही उरलं नाही, आणि पाणी वरच्या वर जिरू लागलं. कच्च्या बांधाची दरवर्षीची मेहनत ही वाया जाणारी मजुरी आहे असं अभियंत्यांच्या हिशेबात होतं. गावाच्या हिशेबात मात्र तीच पाणीवाटपाची हमी होती.

आपल्याकडे धुळे-नाशिक पट्ट्यातल्या फड पद्धतीत हीच समज आहे. एका फडात, म्हणजे शिवाराच्या एका मोठ्या तुकड्यात, एकच पीक, आणि शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विभागलेली. पाणी कमी पडलं तर एखादा फड पडीक ठेवायचा, म्हणजे तोटा सगळ्यांच्या वाट्याला सारखा येतो. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर ओझरच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी पाणी वापर संस्थांचं काम उभं केलं, तेही टेलपासून. ज्यांच्यापर्यंत पाणी येतच नव्हतं ते आधी संघटित झाले, मोजून पाणी मागू लागले, आणि हेडवाल्यांना त्यांच्याशी बोलावंच लागलं.

पाण्याकडे ऑस्ट्रॉम आल्या त्या लॉस एंजलिसमध्ये. जन्म 1933 चा, मंदीचे दिवस. घरची स्थिती बेताची, शाळा मात्र बेव्हर्ली हिल्सची, श्रीमंतांच्या पोरांची. तिथे मुलीला त्रिकोणमिती कशाला, असं म्हणून त्यांना तो विषय घेऊ दिला नाही. पुढे अर्थशास्त्रात पीएचडी करायची म्हटल्यावर तेच आडवं आलं, गणित कमी आहे. मग राज्यशास्त्र. तिथेही वर्गात चाळीसेक विद्यार्थ्यांत चारच मुली, आणि मुलींना घेतलंच कशाला म्हणून काही प्राध्यापक नाराज. ज्या विषयानं त्यांना दारातून परत पाठवलं, त्याच विषयाचं नोबेल 2009 मध्ये त्यांना मिळालं. अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

प्रबंधाचा विषय मिळाला तो एका चर्चासत्रातून. व्हिन्सेंट ऑस्ट्रॉम विद्यार्थ्यांना दक्षिण कॅलिफोर्नियातली एकेक भूजल खोरी अभ्यासाला देत होते. एलिनॉर यांच्या वाट्याला वेस्ट बेसिन आलं. (पुढे व्हिन्सेंट यांच्याशीच त्यांचं लग्न झालं.) खोऱ्याची अवस्था वाईट होती. शेकडो उपसा करणारे: शहरं, पाणी कंपन्या, कारखाने. उपसा इतका की जमिनीखालून समुद्राचं खारं पाणी आत शिरू लागलेलं. प्रत्येकाला धोका दिसत होता आणि थांबायला कोणीच तयार नव्हतं. मी एकट्यानं पंप बंद केला आणि शेजाऱ्यानं चालूच ठेवला तर? मराठवाड्यातल्या विहिरींच्या बांधावर हाच प्रश्न मी आजही ऐकते.

ही तरुण संशोधक वेस्ट बेसिनमधल्या उपसा करणाऱ्यांच्या बैठकांना जाऊन बसायची, इतिवृत्तं वाचायची, लोकांना विचारायची. तिनं पाहिलं ते असं. 1945 मध्ये प्रकरण कोर्टात गेलं होतं, पण निकालाची वाट न बघता उपसा करणाऱ्यांनी आपसात तडजोडीचा मसुदा तयार केला. त्यात एक कलम घातलं: एकूण हक्कांपैकी 80 टक्के हक्क असणाऱ्यांनी सही केली तरच करार लागू होईल, तोवर कोणीच बांधील नाही. त्यामुळे आधी सही करणारा फसत नव्हता. 1955 मध्ये उपसा कमी करण्याचा हा करार कोर्टापुढे आला. हॉथॉर्न शहर सहीला तयार नव्हतं, ते शेवटपर्यंत लढलं. 1961 मध्ये अंतिम निकाल लागला. कोणी किती पाणी काढलं याचा अहवाल दरवर्षी सगळ्यांच्या हाती पडू लागला. किनाऱ्यालगत विहिरींची रांग खणून त्यांत गोडं पाणी सोडलं आणि समुद्राला तिथेच अडवलं.

प्रबंध 1965 मध्ये पूर्ण झाला. तीन वर्षांनी गॅरेट हार्डिन यांचा सामाईक कुरणावरचा गाजलेला लेख आला. सामाईक गोष्ट ओरबाडली जाणारच, म्हणून ती सरकारच्या ताब्यात द्या नाही तर खासगी मालकीची करा, असा त्याचा रोख. जगभरच्या धोरणकर्त्यांनी तो उचलून धरला. हार्डिन इंडियाना विद्यापीठात व्याख्यानाला आले तेव्हा त्यांनी एका मुलानंतर प्रत्येक स्त्री-पुरुषाची नसबंदी करावी असं सांगितलं, आणि हे जरा जास्त होत नाही का, या प्रश्नावरही ते मागे हटले नाहीत. ऑस्ट्रॉम सभागृहात होत्या. त्या हादरल्या. कारण सामाईक गोष्ट ओरबाडली जाणारच हा सिद्धांत जिथे चालला नव्हता असं एक खोरं त्यांनी स्वतः, बैठकीत बसून, पाहिलेलं होतं.

इंडियानात त्यांना नोकरी लागली ती मुळात पतीच्या नेमणुकीमागोमाग. विभागाला सकाळी साडेसातचा वर्ग घ्यायला कोणी हवं होतं: मंगळवार, गुरुवार, शनिवार, पहिल्या वर्षाची मुलं. त्यांनी तो घेतला. 1970 च्या दशकात पोलिसांवर काम केलं. छोटी ठाणी मोडून मोठं खातं करा, काम सुधारेल, असं तज्ज्ञ म्हणत. ऑस्ट्रॉम यांच्या गटानं नागरिकांना विचारलं, प्रत्यक्ष कामगिरी तपासली. गस्त, तक्रारीला धावून जाणं अशा रोजच्या कामात मोठं खातं सरस ठरल्याचं कुठेच दिसलं नाही. प्रयोगशाळेच्या तपासासारख्या कामांत मात्र मोठेपणाचा फायदा होता, आणि तोही त्यांनी मांडला. रस्त्यांचे खड्डे आणि पथदिवे यांचंही असंच: लोकांचं मत घ्यायचं आणि मग रस्त्यावर जाऊन मोजायचं. आज वाहतुकीचे आराखडे बंद खोलीत आखले जातात तेव्हा मला हे काम फार आठवतं.

त्यांच्या संशोधन केंद्राची घडण मला सगळ्यांत आवडते. 1973 मध्ये ते सुरू झालं. त्याआधी पती-पत्नी दोघं ब्लूमिंग्टनमधल्या पॉल गुडमन या सुतारमिस्त्रींकडे जाऊन फर्निचर बनवायला शिकत होते. उमेदवारानं मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून शिकायचं, ही रीत त्यांनी केंद्रात आणली. अर्थशास्त्रज्ञ, वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक, नेपाळहून आलेले विद्यार्थी एकाच टेबलाशी बसत, आणि कच्चा मसुदा सगळ्यांपुढे ठेवावा लागे. नोबेलच्या आपल्या वाट्याची रक्कमही त्यांनी विद्यापीठातल्या या कामालाच दिली. सगळे त्यांना लिन म्हणत. नोबेल जाहीर झालं तेव्हा स्टीव्हन लेव्हिटसारख्या नामवंत अर्थतज्ज्ञानं मोकळेपणानं लिहिलं, की हे नाव आपल्याला शोधून पाहावं लागलं.

आपल्या मातीशी त्यांचं नातं दूरचं नाही. त्यांच्या वन संशोधनाच्या जाळ्यात नागपूरच्या रुचा घाटे आणि बंगळुरूच्या हरिणी नागेंद्र होत्या. हरिणी यांच्यासोबत ऑस्ट्रॉम यांनी 2006 मध्ये लिहिलेल्या शोधनिबंधात ताडोबा-अंधारीचं जंगल आहे. घाटे आणि नागेंद्र यांनी विदर्भातली तीन गावं ताडून पाहिली. सायगाटा या गावानं कोणी न सांगता, आपणहून जंगल राखायला घेतलं होतं. बाकीच्या दोन गावांत पुढाकार बाहेरचा होता, एकीकडे वनखात्याचा, एकीकडे संस्थेचा. राखण सर्वांत कडक होती ती सायगाट्यात, आणि जंगलाची स्थितीही तिथलीच चांगली. जानेवारी 2011 मध्ये हैदराबादला सामाईक संसाधनांची जागतिक परिषद भरली तेव्हा ऑस्ट्रॉम स्वतः आल्या होत्या. पुढच्याच वर्षी, 12 जून 2012 ला त्या गेल्या. त्यांचा शेवटचा लेख त्याच दिवशी प्रसिद्ध झाला. हवामानबदलाला तोंड द्यायला एका जागतिक कराराची वाट बघत बसू नका, शहरांनी आणि गावांनी आपापल्या पातळीवर सुरुवात करावी, असं त्यात होतं.

आता महाराष्ट्रात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही सरकारी योजना आहे. दिवसा वीज मिळते, बिल नाही, रात्री पाण्यासाठी अंधारात जावं लागत नाही. याचा आनंद मला मनापासून आहे. पण फुकट उन्हावर चालणारा पंप सूर्य मावळेपर्यंत बंद करायचं कारणच उरत नाही, आणि खालचा पाण्याचा साठा तर शिवाराचा मिळून एकच आहे. योजनेच्या अर्जात पंपाची अश्वशक्ती विचारतात. त्या अर्जासोबत एकाच झऱ्यावरच्या शेजाऱ्यांची एक बैठक, पाण्याच्या पातळीची एक वही आणि प्रत्येकाचा उपसा सगळ्यांना दिसेल असा चावडीवरचा फलक, एवढं सक्तीचं करायला फार खर्च येणार नाही. पावसाळ्यानंतरची पहिली पातळी मोजायला ऑक्टोबर चांगला. पंप बसायच्या आधीची एक नोंद तरी प्रत्येक गावानं करून ठेवावी.