जुना हात, नवी बॅट

चाळीस वर्षांनंतर, येथे मालवणात, नातवाने आम्हांस पुनश्च टेबल-टेनिस खेळावयास उभे केले. पेटीतील जुनी बॅट काढली. तिचे रबर पार कडक झालेले, तरी मोह सुटेना. पहिल्याच डावात फजिती झाली!

खेळच पालटला आहे. सन २००० मध्ये चेंडू ३८ मिलिमीटरांवरून ४० चा झाला, २००१ मध्ये डाव २१ ऐवजी ११ गुणांचा. २०१४ पासून सेल्युलॉइडच्या जागी प्लास्टिक आले. १९५२ साली मुंबईस जपानच्या सातोने स्पंजाच्या बॅटीने जगज्जेतेपद मिळविले, तेव्हापासून वेगाचा हव्यास वाढला. परतणाऱ्याने तो धरू नये. पाच थरांच्या लाकडाची हलकी बॅट व पातळ स्पंजाचे, ताबा देणारे रबर घ्यावे. खेळ संपताच पुसून, दमट हवेपासून जपून ठेवावे.

नातू अद्याप जिंकतोच. परंतु आता त्याला घाम फुटतो.