नेमणूक एकाची, परिणाम साऱ्या पेढीवर

व्यापारी घराण्यात नव्या पिढीच्या हाती कारभार आला की पहिला विचार बहुधा ‘चांगला माणूस’ आणण्याचा होतो. चांगला माणूस म्हणजे कोण? बाजारात ज्याच्या नावाची चर्चा आहे, ज्याच्या डायरीत दोन जिल्ह्यांतील गिऱ्हाइके आहेत, शेजारच्या पेढीत जो सर्वाधिक विक्री करतो, तो. त्याला दीडपट पगार देऊन आपल्याकडे आणले की त्याच्यामागून धंदाही येईल, असा हिशेब मांडला जातो. कागदावर हा हिशेब बरोबर दिसतो. व्यवहारात मात्र तो अनेकदा चुकतो आणि त्याची झळ पेढीतील जुन्या, अबोल माणसांना आधी लागते.

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक बोरिस ग्रॉइसबर्ग यांनी आपल्या सहकाऱ्यांसह केला. त्यांनी निवडलेला व्यवसाय होता शेअर बाजारातील विश्लेषकांचा. हे काम वरवर पाहता सर्वस्वी एकट्याच्या बुद्धीचे वाटते. १९८८ ते १९९६ या काळात अमेरिकेतील ७८ वित्तसंस्थांमध्ये काम करणाऱ्या १,०५२ नामांकित विश्लेषकांची कामगिरी त्यांनी तपासली. एक संस्था सोडून दुसरीत गेलेल्यांपैकी ४६ टक्के विश्लेषकांची कामगिरी पुढच्याच वर्षी खालावली. ही घसरण सरासरी सुमारे २० टक्क्यांची होती आणि पाच वर्षांनंतरही ती पूर्णपणे भरून निघाली नाही. जे आपल्या जुन्या सहकाऱ्यांसह गेले, त्यांचे काम एकट्याने गेलेल्यांच्या तुलनेत चांगले टिकले.

दुसरा अभ्यास हृदयशल्यचिकित्सकांचा आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यातील एकच सर्जन निरनिराळ्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया करतो, तेव्हा त्याचे यश सर्वत्र सारखेच असते का, हे रॉबर्ट हकमन आणि गॅरी पिसानो यांनी पाहिले. त्यांचा निबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्या रुग्णालयात सर्जनने अधिक शस्त्रक्रिया केल्या, तेथे रुग्ण दगावण्याचे प्रमाण कमी झाले. तोच अनुभव त्याला दुसऱ्या रुग्णालयात मात्र तितकासा उपयोगी पडला नाही. हात तेच, ज्ञान तेच. परंतु भोवतालची परिचारिका, भूलतज्ज्ञ, साहाय्यक ही माणसे निराळी होती.

म्हणजे ज्याला आपण एखाद्याचे कर्तृत्व म्हणतो, त्याचा बराचसा भाग त्याच्या भोवतालच्या माणसांत वसलेला असतो. विक्रेत्याने दिलेला शब्द वेळेवर पुरा होतो, तो गोदामातील माणूस रात्री थांबून माल बांधतो म्हणून. कोणते गिऱ्हाईक पैसे देण्यास टाळाटाळ करते, हे मुनीमजींना ठाऊक असते म्हणून उधारी बुडत नाही. विक्रेता पेढी सोडतो, तेव्हा डायरी त्याच्यासोबत जाते. हे सारे मागेच राहते.

बँकेच्या कर्जविभागात असताना मी या गोष्टीचे प्रत्यंतर एका खात्यात पाहिले. भांड्यांचा घाऊक व्यापार करणारी एक सचोटीची पेढी होती. तिने प्रतिस्पर्ध्याकडील नावाजलेला विक्रेता मोठ्या कमिशनवर आणला. सहा महिन्यांत विक्री झपाट्याने वाढली आणि मालकांनी कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागितली. दरमहा येणाऱ्या विवरणपत्रांत मात्र निराळेच चित्र उमटू लागले. साठा कमी होत होता, येणी फुगत होती, आणि त्यांतील नव्वद दिवसांवरील येण्यांचा वाटा महिन्यागणिक वाढत होता. बँक अशी जुनी येणी सहसा हिशेबात धरीत नाही. त्यामुळे विक्री वाढूनही खात्यातून उचल करण्याची मुभा आकसत गेली. विक्रेत्याला कमिशन विक्रीवर मिळत होते, वसुलीची कटकट मात्र मुनीमजींच्या वाट्याला आली होती. मुनीमजींनी दोनदा हटकले. दोन्ही वेळा मालकांनी विक्रेत्याची बाजू घेतली. वर्षभरात मुनीमजी आणि गोदाम सांभाळणारा जुना माणूस असे दोघेही निघून गेले. पुढे तो विक्रेताही तिसऱ्या पेढीत गेला. बँकेचे देणे फेडण्यासाठी मालकांना घराची जागा विकावी लागली. पेढी वाचली, पण जुनी दोन माणसे परत आली नाहीत.

याउलट उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केलेल्या डबेवाल्यांच्या व्यवस्थेत कोरोनापूर्वी सुमारे ५,००० माणसे रोज सुमारे २ लाख डबे पोहोचवीत असत. त्यांतील बहुतेक मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतील, साधारण शिक्षण झालेले. एकेका मुकादमाच्या हाताखाली पंधरा-वीस जणांची टोळी असते. नवा माणूस ओळखीतून येतो, आरंभी ठरावीक पगारावर काम करतो आणि टोळीत रुळल्यावरच भागीदार होतो. टोळीतील मिळकत भागीदारांत वाटली जाते. एकाचा डबा चुकला तर बोल सर्वांना लागतो. साहजिकच अडलेल्याच्या मदतीला दुसरा आपण होऊन धावतो.

मग नेमणूक करताना पाहावे काय? उमेदवाराला त्याच्या जुन्या पेढीतील यशाची हकिगत सांगू द्यावी आणि त्या हकिगतीत इतर माणसे किती येतात, याकडे लक्ष ठेवावे. चौकशी केवळ त्याच्या जुन्या मालकाकडे करू नये. त्याची बिले करणारा कारकून, माल चढवणारा हमाल, ट्रान्सपोर्टवाला यांनाही विचारावे. पक्के करण्यापूर्वी आठ-दहा दिवस त्याला मुनीमजींजवळ आणि गोदामात बसवावे व नंतर त्या दोघांचे मत मनापासून ऐकावे. कमिशन द्यायचेच तर ते विक्रीवर न देता वसूल झालेल्या रकमेवर द्यावे आणि दिवाळीच्या बोनसाचा एक भाग साऱ्या पेढीच्या कामगिरीशी जोडावा.

येथे दोन गैरसमज टाळायला हवेत. मिळूनमिसळून काम करणारा म्हणजे मान डोलावणारा नव्हे. ‘शेठजी, या पार्टीला उधार देऊ नका’ असे तोंडावर सांगणारा मुनीम हाच संघाचा खरा माणूस होय. तसेच, मिळूनमिसळून काम करणारा म्हणजे आपल्या नात्यातील किंवा समाजातील, असेही नव्हे. डबेवाल्यांकडे ओळखीने प्रवेश मिळतो, पण भागीदारी कामातूनच मिळवावी लागते. कौशल्याला पर्याय नाही. जीएसटीचे विवरणपत्र चुकवणारा सज्जन पेढीला परवडत नाही. परंतु दोघे उमेदवार कामात पुरेसे जाणते असतील, तर ज्याच्या येण्याने इतरांचे काम सोपे होईल, त्याला निवडावे.

पेढीच्या ताळेबंदात यंत्रे, साठा, येणी यांची नोंद होते. एकमेकांचा स्वभाव ओळखून वर्षानुवर्षे काम करणाऱ्या चार माणसांची नोंद त्यात कोठेही होत नाही. कर्जाचा अर्ज हाती आला की मी मात्र दुकानातील जुनी माणसे किती वर्षांची आहेत, हे आवर्जून विचारीत असे. नव्या माणसाला मोठा पगार देण्यापूर्वी मालकानेही आपल्या दुकानात एकदा हा प्रश्न विचारून पाहावा.