लहरींची वाटणी : बेहालातील दूरचित्रवाणीचा डिजिटल बदल

दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण ॲनालॉग पद्धतीकडून डिजिटल पद्धतीकडे गेले, त्या बदलाची चर्चा आपल्याकडे मुख्यतः सेट-टॉप बॉक्सची किंमत आणि महिन्याची वर्गणी यांपुरतीच झाली; वास्तविक कोणती वाहिनी कोणत्या वारंवारतेवर पाठवायची आणि मोकळ्या झालेल्या वारंवारता कोणाला द्यायच्या, हे दोन निर्णय त्याच्या मुळाशी होते. कोलकात्याच्या नैर्ऋत्येस डायमंड हार्बर रोडच्या दुतर्फा वसलेल्या बेहाला या दाट वस्तीच्या भागाने गच्चीवरचा अँटेना, केबल आणि बॉक्स हे तिन्ही टप्पे पाहिले असल्यामुळे या निर्णयांचे परिणाम तेथे स्पष्ट दिसतात.

कोलकाता दूरदर्शन ९ ऑगस्ट १९७५ रोजी सुरू झाले. मुंबई केंद्र त्याआधी, १९७२ मध्ये सुरू झाले होते आणि त्याचे कार्यक्रम पुढच्याच वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुण्यात दिसू लागले. लहर एका सेकंदात किती वेळा कंप पावते, ती तिची वारंवारता. ती जितकी कमी, तितकी लहरीची लांबी अधिक. भारतात दूरचित्रवाणीसाठी ४७ ते ६८ मेगाहर्ट्झ आणि १७४ ते २३० मेगाहर्ट्झ हे दोन खालचे पट्टे आणि ४७० मेगाहर्ट्झपासून सुरू होणारा वरचा पट्टा ठेवलेला होता. सर्वांत खालच्या पट्ट्यातील चार-सहा मीटर लांबीच्या लहरी अडथळ्यांना वळसा घालून दूरवर जातात, पण त्यांना अँटेना मोठा लागतो आणि विजेची यंत्रे व वाहनांची इंजिने यांच्या खरखरीचा उपद्रव फार होतो. वरच्या पट्ट्यातील लहरींना हातभर अँटेना पुरतो, मात्र उंच इमारतींच्या आडोशाला त्या लवकर क्षीण होतात. दूरदर्शनचे गोल्फ ग्रीन येथील केंद्र बेहालापासून काही किलोमीटरच्याच अंतरावर असल्याने तेथे प्रश्न क्षीण लहरींचा नसून घरांच्या भिंतींवरून परतणाऱ्या लहरींचा होता, कारण परतलेली लहर किंचित उशिरा पोचते आणि ॲनालॉग पडद्यावर मूळ चित्राशेजारी त्याची सावली उमटवते. डिजिटल पद्धतीत माहिती हजारो अरुंद उपलहरींवर वाटून, दोन संकेतांमध्ये थोडा अवकाश राखून पाठवली जात असल्याने ही सावली नाहीशी होते. परंतु ॲनालॉग चित्र क्षीण झाले तर त्यावर मुंग्या येत असत आणि तरीही ते दिसत राही, तर डिजिटल चित्र एका मर्यादेखाली एकदम बंद पडते.

म्हणूनच डिजिटल प्रक्षेपणात वारंवारतेची निवड चुकली, तर त्याचा फटका थेट प्रेक्षकाला बसतो. अमेरिकेत १२ जून २००९ रोजी मोठ्या केंद्रांचे ॲनालॉग प्रक्षेपण थांबले, तेव्हा फिलाडेल्फियाचे एक केंद्र सहाव्या आणि शिकागोचे एक केंद्र सातव्या या आपल्या जुन्या, खालच्या वाहिनीस्थानांवर परतले आणि दोन्ही शहरांतील अनेक घरांत चित्र दिसेनासे झाले. घरातल्या लहान अँटेनांना त्या लांब लहरी नीट पकडता येत नव्हत्या.

बेहालात मात्र १९९० च्या दशकातच बहुतेक घरांपर्यंत केबल पोचली होती, आणि वारंवारतेचा खरा संघर्ष त्या तारेच्या आत झाला. तारेतून जाताना संकेताची हानी वारंवारतेबरोबर वाढत जाते. शिवाय जुन्या संचांना वरचे पट्टे पकडता येत नसत. प्रत्येक ॲनालॉग वाहिनी सात-आठ मेगाहर्ट्झ जागा एकटीच अडवत असल्याने तारेत साधारण शंभरच वाहिन्या मावत, त्यांतही स्वच्छ दिसणारी जागा थोडी, आणि तिच्यासाठी वाहिन्या केबल कंपन्यांना ‘कॅरेज फी’ मोजत. कोणती वाहिनी घरोघरी दिसावी आणि कोणती धूसर राहावी, हे कार्यक्रमाच्या गुणापेक्षा तारेतील जागेच्या भावावर ठरत होते, ही गोष्ट प्रेक्षकाला कोणी कधी समजावून सांगितली नाही.

दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या महानगरांत केबल डिजिटल करण्याची मुदत आधी ३० जून २०१२ होती, ती ३१ ऑक्टोबर २०१२ पर्यंत वाढली. पश्चिम बंगाल सरकारने आणखी अवधी मागितला आणि कोलकात्याच्या काही भागांत त्या तारखेनंतरही ॲनालॉग वाहिन्या चालू राहिल्या. आठ मेगाहर्ट्झच्या एका जागेतून डिजिटल केबलद्वारे सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट माहिती जाते, म्हणजे जेथे एक वाहिनी होती तेथे दहाहून अधिक साध्या दर्जाच्या वाहिन्या बसतात. बॉक्सवर दिसणारा क्रमांक ही आता केवळ नोंद असते, त्यामागची वारंवारता कंपनीला हवी तेव्हा बदलता येते. अर्थात यादीत वरचा क्रमांक मिळवण्याची चढाओढ त्यामुळे संपली नाही.

दुसरा निर्णय आकाशातील मोकळ्या जागेचा होता. ७०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, पूर्वी प्रक्षेपणासाठी राखलेला पट्टा मोबाइल सेवेकडे वळवण्यात आला, कारण त्यातील लहरी भिंतींतून आत शिरतात आणि थोड्या मनोऱ्यांत मोठा प्रदेश व्यापतात. २०१६ च्या लिलावात त्याची मूळ किंमत देशभरासाठी प्रति मेगाहर्ट्झ ११,४८५ कोटी रुपये ठेवल्याने कोणी तो घेतला नाही, २०२१ मध्येही तेच झाले, आणि २०२२ मध्ये ३,९२७ कोटी या दराने जिओने त्यातील काही भाग घेतला. दूरदर्शनने २०१६ मध्ये मुंबई, औरंगाबाद आणि कोलकाता यांसह १६ शहरांत हवेतून डिजिटल प्रक्षेपण सुरू केले. पण ते पकडणारे संच बाजारात सहज मिळाले नाहीत. सुमारे ५० मोक्याची ठिकाणे वगळता उरलेले ॲनालॉग प्रक्षेपक ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे प्रसार भारतीने जाहीर केले होते.

हवेतून येणाऱ्या प्रक्षेपणाचा एक गुण मोबाइलच्या जाळ्यात नाही : प्रेक्षक कितीही वाढले तरी प्रक्षेपकावरचा भार वाढत नाही. २० मे २०२० रोजी अम्फान चक्रीवादळ कोलकात्यावर आले, तेव्हा शहराच्या अनेक भागांत वीज, केबल आणि मोबाइल या तिन्ही सेवा कोलमडल्या; अशा वेळी बॅटरीवर चालणारा संच आणि छोटा अँटेना एवढ्यावर शासकीय सूचना घरात पोचू शकतात, मात्र त्यासाठी प्रक्षेपक चालू असावा लागतो आणि लोकांकडे योग्य संच असावा लागतो. उपग्रहावरील मोफत वाहिन्या पकडणारा ट्यूनर दूरचित्रवाणी संचातच बसवण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोने मानक तयार केले आहे. हवेतील डिजिटल प्रक्षेपण पकडणारा ट्यूनरही प्रत्येक नव्या संचात सक्तीचा करावा, आणि ६९८ मेगाहर्ट्झच्या खालच्या पट्ट्यातील काही जागा सार्वजनिक प्रक्षेपणासाठी कायम राखून ठेवावी.