खळं लांब, पाऊस जवळ

चंद्राला खळं पडलं की गावाकडची जुनी माणसं आधी त्याचा घेर बघतात. खळं लांब असेल तर पाऊस जवळ, खळं जवळ असेल तर पाऊस लांब, असा त्यांचा होरा. ऐकताना कोडं घातल्यासारखं वाटतं, पण ही दोन खळी मुळातच वेगळी असतात.

मोठं खळं बर्फाचं. सहा किलोमीटरहून उंच, पातळ ढगातल्या षटकोनी हिमस्फटिकांतून जाताना चांदणं कमीत कमी 22 अंशांनी वळतं, म्हणून ते कडं कायम तेवढ्याच अंतरावर दिसतं. हात लांब करून अंगठा चंद्रावर धरा आणि वीत ताणा. करंगळी साधारण कड्यावर येईल. आतली कड तांबूस दिसते आणि कड्याच्या आतलं आभाळ बाहेरच्यापेक्षा काळसर.

लहान खळं पाण्याचं. ते चंद्राला अगदी चिकटून असतं, तांबडी कड बाहेरच्या बाजूला. ते दाखवणारे बारीक थेंबांचे पातळ ढग पुष्कळदा न बरसताच विरतात.

पावसाळ्यात आपल्याकडे खूप उंचावरचे वारे पूर्वेकडून पश्चिमेला वाहतात. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की तिथल्या उंच ढगांच्या माथ्यावरचा बर्फ हे वारे पुढे लोटतात. म्हणजे विदर्भातल्या आभाळात हिमाचा पडदा आधी पोहोचतो, पाऊस मागाहून. ते क्षेत्र मध्येच उत्तरेला वळलं, तर खळं फुकट!

वळवाला मात्र हा होरा लावू नये. वादळी ढग बरसून गेल्यावरही त्याचा बर्फाळ माथा आभाळात रेंगाळतो. रात्री त्यातून खळं दिसतं तेव्हा अंगण आधीच भिजलेलं असतं. हिवाळ्यात खानदेशावरून जाणारे उंच ढगही असेच चकवतात.

तरीही खळं पाहणारा निदान वर तरी बघतो. पंचांगातल्या नक्षत्राच्या वाहनाला तेवढीही गरज नसते. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवानं भागायचं आणि बाकी उरेल ते वाहन. बेडूक आला की भरपूर पाऊस. आता वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणारी रत्नागिरी आणि टँकरची वाट पाहणारी माणदेशातली वाडी, दोघींच्या वाट्याला एकाच दिवशी तोच बेडूक येतो.